तुमच्या गाडीतली खुंटी

दाजी,

अक्कानं मला एक प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर खरं तर तुम्ही द्यायला हवं होतं, पण आपली कामं माझ्यावर टाकून निघून जायची तुमची सवय शेवटपर्यंत गेली नाही. म्हणून लिहायला बसले आहे. कागदावर उतरवलं की मला सुचतं. त्यावरून तुम्ही मला आयुष्यभर चिडवलंत.

प्रश्न असा आहे: "त्यांना कळालं होतं का गं, मला समदं माहीत हाय म्हणून?"

हो दाजी. अक्काला माहीत होतं. तुमच्या पोटातल्या गाठीचं, लातूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं त्याचं, 'माल बघायला लातूरला चाललो' म्हणून तुम्ही नांदेडहून कशाला निघायचात त्याचं. सगळं. ते तिला कळू द्यायचं नाही असा शब्द तुम्ही माझ्याकडून घेतला होता. त्यावरून आपण दोघं फोनवर किती वेळा भांडलो! आणि तिला ते आपल्या दोघांच्याच तोंडून कळलं. कसं, ते नीट क्रमानं सांगते. तुम्ही असतात तर मध्येच म्हणाला असतात, "मॅनेजर, मुद्द्यावर या." आज मध्ये बोलायची सोय नाही, तेव्हा ऐका.

गाडीपासून सुरुवात करते. ती पांढरी गाडी तुम्ही एका वकिलाकडून जुनी घेतली, तेव्हाच मी म्हणाले होते की इतकी जुनी नको. गाण्यासाठी तिच्यात एक रेडिओ होता आणि कॅसेट घालायचं तोंड होतं. ते तोंड कॅसेट घ्यायचं आणि परत द्यायचं नाही. तुमच्या फोनमध्ये मात्र कव्वाल्या आणि कन्नड वचनं गच्च भरलेली. उदगीरचं बालपण आणि नांदेडचं दुकान, दोन्ही त्या फोनात. मग भांड्यांचा व्यापारी काय करणार? तुम्ही फोन तांब्यात ठेवला. दोन सीटच्या मध्ये पितळी तांब्या, त्यात फोन उभा, आणि तुम्ही खूश. "स्टीलच्या डब्यात आवाज चिरका येतो, पितळंत गोल येतो," हे तुम्ही मला इतक्या गंभीरपणे समजावलं होतं की मी हसायचंही विसरले. पुढे लोह्याजवळ एका गतिरोधकावर तांब्या उलटला, फोन घरंगळत ब्रेकखाली गेला, आणि उसाच्या ट्रॉलीमागे तुम्ही जेमतेम थांबलात. तुम्ही ते मला हसत हसत सांगितलंत. मी त्याच दिवशी ब्लूटूथचं ते यंत्र मागवलं.

लातूरला माझ्या मेसच्या दारातच मी ते बसवलं. अंगठ्यापेक्षा थोडं मोठं. गाडीत सिगारेट पेटवायचं जे भोक असतं, त्यात खुपसायचं.

"मी जन्मात बिडी वढली न्हाई," तुम्ही म्हणालात. "हे भोक कशाचं हाय तेच मला ठावं नव्हतं."

"आता कळलं ना? हे बघा दाजी. फोनमधलं गाणं या यंत्रात येतं, आणि हे यंत्र ते रेडिओला पाठवतं. म्हणजे हे एक बारकं रेडिओ केंद्रच आहे. यावर जो आकडा लावला, तोच गाडीच्या रेडिओला लावायचा. संपलं."

"म्हंजे मी आता रेडिओवाला झालो."

"गाडीपुरते."

"आमची सत्ता गाडीपुरती सुद्धा न्हाई, मॅनेजर. तुझी अक्का बसली की तीबी जाती."

त्या यंत्राला तुम्ही तिथल्या तिथे 'खुंटी' नाव दिलंत. रिकामा आकडा निवडावा लागतो, ज्यावर कुठलं केंद्र नाही असा, आणि लातूरकडचा रिकामा आकडा नांदेडकडे रिकामा असेलच असं नाही. म्हणून मी रस्त्याचे दोन भाग केले. अहमदपूरपर्यंत हा, अहमदपूरच्या पुढे तो. जाड अक्षरात लिहून डॅशबोर्डला चिकटवलं. तुम्ही मान डोलावलीत, चहा पिऊन निघालात, आणि दोन्ही आकडे बाजूला ठेवून स्वतःचा तिसराच लावलात.

तो आकडा अक्काच्या केंद्राचा होता. नांदेडचं जे केंद्र ती स्वयंपाकघरात दिवसभर लावून ठेवते, तेच गाडीच्या रेडिओलाही पहिल्यापासून लावलेलं होतं. मी रागावले तेव्हा तुमचं म्हणणं काय? "तिनं लावलेला आकडा हाय. तो हलला की गाडीत बसल्या बसल्या वळखती. मग मला इचारती, कुणाला फिरवून आणलं." म्हणून रेडिओ तसाच ठेवून तुम्ही खुंटीच त्या आकड्यावर आणलीत. दुपारी केंद्र बंद असायचं तेव्हा तुमची कव्वाली स्वच्छ वाजायची. संध्याकाळी केंद्र सुरू झालं की सोयाबीनवरच्या अळीचा सल्ला आणि तबला एकमेकांत मिसळायचे. तुम्हाला त्याचंही काही वाटायचं नाही. उलट म्हणायचात, "एका तिकिटात दोन कार्यक्रम."

खुंटीतून फोनवर बोलताही येतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नव्हतंत. ते तुम्हाला लेकीच्या सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना लोह्याला सोडायला तुम्ही निघाला होतात आणि रस्त्यात अक्काचा फोन आला. गाणं थांबलं आणि अख्ख्या गाडीत अक्का दणाणली.

"अहो, कुठं हाव? गेले का ते व्याही, का अजून चिकटलेत?"

तुमचा हात सगळी बटणं दाबत फिरत होता आणि फोन काही बंद होत नव्हता. शेवटी व्याहीच वाकून खुंटीच्या तोंडाशी म्हणाले, "चिकटलोय वहिनी, अजून. लोहा आलं की सुटतो."

ते देवमाणूस, म्हणून हसण्यावारी गेलं. पुढच्या भेटीत अक्कानं त्यांना पुरणपोळीवर इतकं तूप वाढलं की ते म्हणाले, "वहिनी, आता खरंच चिकटायची वेळ आली." पण त्या दिवसापासून तुम्ही नियम केलात: गाडीत दुसरं कुणी असलं की फोन घ्यायचा नाही. बोलायचं ते गाडीत एकटं असताना.

म्हणूनच लपवायचं बोलणं तुम्ही गाडीत आणलंत. दुकानात गिऱ्हाईक, घरात अक्का. गाडी एकट्याची.

तपासण्या लातूरला करायच्या हे तुम्हीच ठरवलं होतं. नांदेडात प्रत्येक डॉक्टरच्या दारात तुमचं एखादं गिऱ्हाईक बसलेलं असणार, असं तुमचं म्हणणं. मी सोबत आले. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला लावून बराच वेळ समजावलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "मेसमध्ये आज काय हाय?" शेवग्याची आमटी होती. तुम्ही दोन वाट्या प्यायलात, मुलींच्या पंगतीत बसून. क्लासला आलेल्या त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना तुम्ही नेहमीप्रमाणे विचारलंत, "कोण कोण डॉक्टर होणार?" सगळ्यांनी हात वर केले. "बरं हाय," तुम्ही म्हणालात, "पण जरा घाई करा."

मी भांडी आवरायच्या निमित्तानं आत गेले. समोर तुम्हीच दिलेलं मोठं पातेलं होतं. मेस सुरू केली तेव्हा लागतील ती सगळी भांडी तुम्ही टेम्पोत घालून आणली होतीत, आणि प्रत्येकावर स्वतः मशीननं माझं नाव घातलं होतंत. त्या एका पातेल्यावर मात्र नाव नव्हतं, 'मॅनेजर' एवढंच होतं. मी एकटी हे कसं चालवणार असं सगळं गाव बोलत होतं, तेव्हा तुम्ही ते कोरून ठेवलं होतं. त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलं नसतं. आज मानते. आज तुम्ही अडवू शकत नाही.

परत निघताना तुम्ही गाडीच्या काचेतून म्हणालात, "अक्काला सांगायचं न्हाई. तिला अल्सर हाय म्हणून सांगतो. तुझा शब्द पायजे." मी दिला. तुमचा चेहरा तसा होता.

तुम्ही अहमदपूरला पोचला नसाल तेवढ्यातच मला शब्दाचा पश्चात्ताप झाला. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही जेवून दुकानात निघाला होतात. गाडी पोर्चमध्ये, तुम्ही गाडीत, काच खाली, खुंटी चालू. मी म्हणाले, "दाजी, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. ही गाठ काढता येणार नाही. आहेत ते महिने आहेत. अक्काला अंधारात ठेवू नका. तिचा तो हक्क आहे."

आणि तुम्ही म्हणालात, "तिला कळालं की ती भांडायची बंद होईल. मग रोज मऊ भात, मऊ बोलणं. मला ते नको, मॅनेजर. रोज घरात शिरलो की ती वराडती. चप्पल हितं का, पिशवी तितं का. ती वराडली की मला वाटतं अजून मी हाय."

आपल्या दोघांमधलं ते सगळ्यात खरं बोलणं होतं. मला वाटलं ते आपल्या दोघांतच राहिलं.

तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्ये उघडते. खिडकीत अक्काचा रेडिओ. दुपारी केंद्र बंद झालं तरी अक्का तो बंद करत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी परत कोण लावत बसणार, म्हणून नुसती खरखर चालू असते. आणि तुमच्या खुंटीवर आकडा अक्काच्या केंद्राचा. दाजी, त्या दुपारी मी तुमच्या गाडीत बोलले तशीच अक्काच्या खिडकीतही बोलले. माझा आवाज तिला रेडिओतून आला आणि तुमचा काचेतून. एक शब्द सुटला नाही.

मला हे तुमच्या माघारी कळलं. पाहुणे निघून गेले होते. माझ्याकडे कामांची यादी होती: दुकानाचा परवाना, गॅसचं नाव, तुमचा फोन नंबर, बँक. अक्का भांडी विसळत होती. मी म्हणाले, "अक्का, तुला एक सांगायचंय. दाजींना अल्सर नव्हता." तिनं मान वर केली नाही.

"माहीत हाय," ती म्हणाली. "तूच तर सांगितलंस."

"मी? कधी?"

तिनं ओल्या हातानं खिडकीकडे बोट केलं. "त्यातून. आधी मला वाटलं तू रेडिओवर बोलायलीस. म्हणलं सुरेखाची मुलाखत हाय का काय, मेसवाल्या बायांची. मग तू दाजी म्हणालीस. मग डॉक्टर म्हणालीस."

माझा विश्वास बसला नाही. मला तुम्ही ओळखता. मी बाहेर गेले, गाडी चालू केली, खुंटीला माझा फोन जोडला, त्यावर काहीतरी वाजत ठेवलं आणि आत आले. दुपारची तीच वेळ होती. खिडकीतला रेडिओ खरखरता खरखरता गाऊ लागला. अक्का माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीवर बसले. कामांची यादी हातातच होती.

म्हणजे माहूरचंही आता मला कळलं. त्या फोननंतर आठच दिवसांत अक्कानं एकाएकी हट्ट धरला होता की माहूरला जायचं, रेणुकेचं दर्शन घ्यायचं, आणि गाडी यांनीच चालवायची. तुम्ही मला फोनवर म्हणालात, "बघ योगायोग. माझ्याबी मनात होतं." मीही त्याला योगायोगच समजले आणि लातूरहून आले. मागच्या सीटवर मी, पुढे तुम्ही दोघं. अख्ख्या रस्त्यात अक्का तुम्हाला बोलत होती. गिअर असा काय टाकता, समोर बघा, ते गाणं बारीक करा, बाई काय किंचाळायली. "बाई न्हाई, बाप्या हाय तो," तुम्ही म्हणालात. "मग असं का किंचाळायला?" गडाच्या पायऱ्यांवर तुम्हाला दम लागला, तेव्हा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "माझे गुडघे गेले. बसा जरा. तुमच्यामुळं मला चढायला लागायलंय." तिचे गुडघे चांगले आहेत, दाजी. माझ्याहून चांगले आहेत. तुम्ही तिच्या शेजारी बसलात आणि मला डोळ्यानं खुणावलंत: बघ, काही पत्ता नाही हिला.

मी थकले आहे. हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते. दोन माणसांच्या मध्ये उभं राहायचं काम मी इतके महिने केलं. इकडे तुमचा शब्द, तिकडे माझी बहीण. तिच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी तपासून मग तोंडाबाहेर काढायचं. आणि आता कळतं की तपासायचं काही कारणच नव्हतं. तुम्ही तिच्यापासून लपवत होतात, ती तुमच्यापासून लपवत होती, आणि सगळी व्यवस्था आपण बघतो आहोत असं समजून मी मध्ये नुसती उभी होते. तिनं मला तरी सांगायचं. तेही मी विचारलं. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस. तुझ्या पोटात राहिलं नसतं." तुमचं गुपित माझ्या पोटात राहिलं होतंच की. पण मी वाद घातला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले महिने अजून पुरे झाले नव्हते. बारीक झाला होतात, पण हिंडत-फिरत होतात. संध्याकाळी दुकानातच, गिऱ्हाइकाला हंडा दाखवता दाखवता खाली बसलात आणि परत उठला नाहीत. लेक आली, व्याही आले. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसतं केलं, कपाळाला भस्म लावलं, गळ्यात लिंग. टेकून बसलेले तुम्ही अगदी गाडीत बाजूच्या सीटवर बसल्यासारखे दिसत होतात, रस्ता माझ्यावर सोपवून. स्वामी मंत्र म्हणत होते. अक्का समोर बसली होती, कोरडी. तेव्हापासून ती कोरडीच आहे. रडत नाही, रागावत नाही, वाढलं तर जेवते. कुणी चप्पल मध्येच काढली तरी काही बोलत नाही. मुलाबाळांनी भरलेल्या घरात ते इतकं विचित्र वाटतं की लेक मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "मावशी, आईला सांग ना, कुणावर तरी ओरड म्हणून."

आणि मग अक्कानं मला तो प्रश्न विचारला. तुम्हाला कळलं होतं का, तिला माहीत आहे म्हणून.

मी म्हणाले, आठवून सांगते. आठवायचं काहीच नव्हतं. उत्तर मला पाठ आहे: तुम्हाला कळलं नव्हतं. शेवटच्या दुपारीसुद्धा तुम्ही मला फोनवर म्हणालात, "अल्सरवर ठाम हाय ती." पण हे मी तिला कसं सांगू? कारण ती नुसता प्रश्न विचारून थांबली नाही. शेवटच्या सकाळी तुम्ही अर्धी भाकरी ताटात टाकली, तेव्हा ती तुम्हाला काय म्हणाली, तेही तिनं मला सांगितलं. घास तुमच्या घशाखाली उतरत नाही, हे तिला दिसत होतं. का उतरत नाही, तेही माहीत होतं. तरी आधी बोलायची तसंच बोलायचं, म्हणून ती म्हणाली, "अन्न टाकायचं असंल तर घरात जेवू नका, हाटेलात जेवा." तुम्ही उठलात, हात धुतले आणि गेलात. ते तिचं तुमच्याशी शेवटचं बोलणं.

म्हणजे तुम्हाला कळलं असेल, तर तुम्ही ते वरवरचं समजून सोडून दिलं असेल. कळलं नसेल, तर ते खरं मानून गेला असाल. तिचा प्रश्न हा आहे, दाजी. मी दोन दिवस तो टाळते आहे. तुम्हाला कळलं होतं, असं खोटं सांगावं का? एका वाक्याचं काम आहे. तिला बरं वाटेल. पण इतके महिने खोटं सांभाळून माझ्यात आता आणखी एक वाक्य सांभाळायची ताकद उरलेली नाही.

अक्का चहाला हाक मारते आहे. जाऊन येते.

आले. इथून पुढचं नंतर लिहिते आहे.

चहा घेऊन आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. मी ठरवून गेले नव्हते. म्हणाले, "अक्का, त्यांना कळलं नव्हतं."

तिनं कप खाली ठेवला.

"शेवटपर्यंत नाही. त्या दिवशीसुद्धा नाही. दुपारी मला फोन आला होता त्यांचा, पोर्चमधून."

"त्या टायमाला मी शेजारी हळदीकुंकवाला गेले होते," ती म्हणाली. आवाज अगदी हलका. "मला ते ऐकायला न्हाई आलं. काय म्हणले?"

"म्हणाले, आज तर हाकललंच मला तुझ्या अक्कानं. म्हणली, या घरात पाय ठेवू नका, हाटेलात राहा. आणि हसत होते, अक्का. खोकला येईपर्यंत हसत होते. म्हणाले, अर्ध्या भाकरीवरून एवढी वराडली, म्हंजे मी अजून बरा दिसत असणार. आजारी माणसाला कुणी असं बोलत न्हाई. म्हणाले, हिच्या वराडण्यावरून मी माझी तब्येत बघतो, डॉक्टर कशाला पायजे."

हे सगळं खरं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. शब्दाला शब्द.

अक्का अंगणाकडे बघत होती. मला वाटलं, आता रडेल. मी पदर सरसावला. पण तिच्या कपाळावर ती आठी आली, जी इतक्या दिवसांत आली नव्हती.

"पाय ठेवू नका?" ती म्हणाली. "मी कवा म्हणलं पाय ठेवू नका?"

"ते म्हणाले तसं..."

"हाटेलात जेवा म्हणलं मी. जेवा! राहा कुठं म्हणलं?"

"अगं, त्यांनी जरा वाढवून सांगितलं असेल."

"जरा? नवऱ्याला घरातनं हाकलणारी बाई केली त्यांनी माझी, आन् तीबी तुझ्यापुढं! आन् व्याह्याच्या वेळंला काय केलं? मी हळू बोलले होते, यांनीच आवाज मोठा ठेवला होता. गावभर सांगितलं, अक्का दणाणली म्हणून. सुरे, तू सांग, मी दणाणते का?"

तिचा आवाज शेजारच्या गच्चीपर्यंत गेला होता. आतून लेक धावत आली आणि दारातच थांबली.

"अर्धी न्हाई," अक्का म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. "पाऊण भाकर टाकली होती त्यांनी. पाऊण! अर्धी म्हणायलेत. मला दिसत न्हाई का? मीच ताट उचललं ना?"

मी दोन्ही कप उचलले, विसळले आणि पालथे घातले. लेक तिच्याजवळ बसली. मला संध्याकाळच्या आत निघायचं आहे, उद्या मेसला गॅस येणार आहे. भाकरी अर्धी होती की पाऊण, हे तुम्ही दोघं बघून घ्या, दाजी. मी आता मध्ये नाही.

तुमची,
सुरेखा